पानावरच्या माणसाला पाणी पाजता येत नाही

नर्सिंगच्या पुस्तकांची भाषा थंड असते. मोठ्या माणसाचं डोकं आणि मान मिळून अंगाच्या 9 टक्के, तान्ह्या बाळाचं 18. भाजलेल्या भागाचा अंदाज बांधायला हे आकडे लागतात, त्यावरून सलाइन किती द्यायचं ते ठरतं आणि परीक्षेत ते हमखास येतात. पहिल्या वाचनात नुसते पाठ होतात. मग कधीतरी, बहुतेक रात्री, बाकीचे झोपलेले असताना तेच कोष्टक पुन्हा उघडलं की एकदम लख्ख कळतं, भाजलेली बाळं येतात. इतकी येतात की त्यांच्यासाठी वेगळा आकडा करावा लागला.

दोनचार पानं पुढे गरम पाण्याने भाजलेल्या मुलांच्या जखमा कशा पारखायच्या ते दिलेलं असतं. भांडं कलंडलं तर पाणी वाकडंतिकडं ओघळतं, मूल पाय झाडतं, आजूबाजूला शिंतोड्यांचे डाग उठतात. पण दोन्ही पायांवर मोज्याच्या काठासारखी सरळ रेषा असेल आणि शिंतोडे कुठेच नसतील, तर मुलाला कुणी धरून पाण्यात बुडवलं होतं का, असा संशय घ्यायचा. वाक्य तिथे संपतं आणि उपचाराचा मुद्दा सुरू होतो. वाचणारी मात्र तिथेच अडकलेली असते, कारण ते धरणारे हात तिच्या डोळ्यांसमोर आलेले असतात.

मी हे सगळं आधी विद्यार्थिनी म्हणून वाचलं, मग बरीच वर्षं वॉर्डात काम केलं आणि आता शिकवते. या शिक्षणातल्या मानसिक ताणाचा विषय निघाला की बोलणं हटकून पहिल्या मृत्यूवर, पहिल्या रक्तावर, पहिल्या नाइट ड्युटीवर जातं. ते अवघड असतंच. पण माझं मत असं होत गेलंय की वर्गातला आणि टेबलापाशी बसून वाचायचा भाग काहींना त्याहून जड जातो. वॉर्डात समोर कितीही वाईट असलं तरी हाताला काम असतं. उशी सारखी करायची असते, कोरडे पडलेले ओठ ओल्या कापसाने टिपायचे असतात, पडदा ओढायचा असतो, उभ्या नातेवाइकाला खुर्ची आणून द्यायची असते. पानावरच्या माणसाला पाणी पाजता येत नाही. दुःख तेवढंच अंगावर येतं आणि हात मात्र रिकामे राहतात.

बालकांवरच्या अत्याचाराचा तास घेताना मी स्क्रीनकडे कमी आणि वर्गाकडे जास्त बघते. कुणी एकजण शब्दन् शब्द उतरवून घेत असते, मी सहज बोललेलंही. मागच्या बाकावर दोघं हसत असतात. त्यांना मी रागावत नाही, कारण ते हसू विनोदाचं नसतं हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसतं. कुणाला अचानक तहान लागते. आणि एखादी अगदी स्तब्ध बसलेली असते, पेनसुद्धा न हलवता. माझं लक्ष तिच्याकडे जास्त असतं. एवढ्या मोठ्या वर्गात कुणा ना कुणाच्या अंगावरून हे गेलेलं असणार, हे धरूनच चालावं लागतं. ते कोण, हे शोधत बसायचं नसतं. बोलताना मात्र ती व्यक्ती खोलीत आहे हे विसरायचं नसतं. ‘अशी मुलं पुढे बिघडतात’ यासारखी बेफिकीर वाक्यं मी बंद करून टाकली आहेत. एकतर ती सरसकट खरी नाहीत, आणि खरी असती तरी ती कुणासमोर म्हणतोय याचा विचार करायला हवा.

चक्कर येण्याबद्दल इथेच सांगून टाकते, कारण त्याची लाज मुलामुलींना विनाकारण वाटते. जखम किंवा रक्त पाहून भोवळ येणं हा मनाचा कमकुवतपणा नव्हे, ते रक्तदाबाचं काम आहे. एरवी भीती वाटली की नाडी आणि रक्तदाब वाढतात आणि वाढलेलेच राहतात. रक्ताची भीती असणाऱ्यांच्या बाबतीत ते आधी वाढतात आणि मग धाडकन खाली येतात, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. म्हणूनच ‘शांत हो, अंग सैल सोड’ हा आपला नेहमीचा सल्ला इथे फारसा कामाचा नाही. लार्स-योरान ऊस्त या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात याच्या उलट पद्धत बसवली. हात, पाय, पोट यांचे स्नायू 10 ते 15 सेकंद आवळून धरायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग 20 ते 30 सेकंद सोडायचे, पण पूर्ण सैल नाही. हे चारपाच वेळा करायचं. ऑपरेशन थिएटरच्या पहिल्या पोस्टिंगआधी मी हे वर्गात करून घेते. सगळे लालबुंद तोंडं करून बसलेले असतात, तेवढाच हशा पिकतो.

आता ‘मन घट्ट करा’ या सल्ल्याकडे येते. सीनियर सिस्टर देतात, घरचे देतात, शिक्षकही देतात, आणि देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण घट्ट करायचं म्हणजे नक्की काय करायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून विद्यार्थिनी स्वतःच अर्थ लावते, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना भाजलेल्या रुग्णावरचे उपचार आणि अवयव कापण्याची शस्त्रक्रिया अशा फिल्म दाखवल्या आणि काहींना सांगितलं की बघताना भावना चेहऱ्यावर येऊ देऊ नका. चेहरे खरोखर शांत राहिले. आतली किळस मात्र तसूभर कमी झाली नाही, आणि शरीरावरचा ताण उलट वाढला.

पुढे 2000 मध्ये जेन रिचर्ड्स आणि ग्रॉस यांनी स्मरणशक्तीकडे मोर्चा वळवला. जखमी माणसांचे फोटो दाखवताना प्रत्येकाची माहितीही सांगितली. चेहरा कोरा ठेवणाऱ्यांना ती माहिती कमी आठवली. साहजिकच आहे, अर्धं लक्ष स्वतःचा चेहरा सांभाळण्यात गेलेलं. दुसऱ्या एका गटाला सांगितलं होतं की हे फोटो वैद्यकीय क्षेत्रातल्या माणसाच्या नजरेने बघा. त्यांच्या आठवणीला असा फटका बसला नाही.

हे वाचलं तेव्हा मला वर्गातली ती दगडासारखी बसणारी मुलगी आठवली. परीक्षेत तिला त्याच धड्यावर काही लिहिता येत नाही आणि आपण शेरा मारतो की अभ्यास कमी पडला.

संशोधनातली ‘वैद्यकीय नजर’ ही सूचना एका ओळीची होती. आपल्याला ती नजर शिकवायला तीन-चार वर्षं मिळतात, आणि तरी आपण बहुतेक वेळा नजरेच्या नावाखाली दुसरंच काहीतरी शिकवतो. इझाबेल मेंझिस नावाची मनोविश्लेषक होती, लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतली. लंडनमधल्या एका मोठ्या शिकाऊ रुग्णालयाने तिला विद्यार्थी-परिचारिकांच्या ड्युट्यांची घडी बसवायला मदत मागितली. तिला तिथे दिसलं ते तिने 1960 मध्ये प्रसिद्ध केलं. कामाचे इतके तुकडे केलेले होते की एकीने सगळ्यांचं तापमान घ्यायचं, दुसरीने सगळ्यांची भांडी उचलायची, आणि कुणा एका माणसाशी कुणाचाच पुरता संबंध येऊ नये. रुग्णाचा उल्लेख ‘दहा नंबरच्या बेडवरचं लिव्हर’ असा व्हायचा. विद्यार्थिनींना एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात सतत हलवलं जायचं, जीव जडायच्या आत. मेंझिसचं म्हणणं असं की ही कुणाची दुष्टाई नव्हती. दुःख आणि मृत्यू यांच्या इतक्या जवळ राहण्याची जी धास्ती असते तिच्यापासून वाचायला संस्थेने नकळत बांधलेली ती तटबंदी होती. आणि ती कुचकामी ठरत होती. जवळपास एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडत होत्या, बहुतेकजणी स्वतःहून, नापास झाल्या म्हणून नव्हे.

साठ वर्षं उलटून गेली. ड्युटी बदलताना रुग्णांची माहिती सोपवतात तो हँडओव्हर ऐका, अजून ‘सहा नंबरचं सिझर’ ऐकू येतं. मी सोवळेपणा करत नाही; घाईत तोंडून जातं, माझ्याही जातं. पण गंमत अशी की रुग्णसुरक्षेचे नियमसुद्धा बेड नंबरच्या बाजूने नाहीत. औषध देण्याआधी माणसाची ओळख दोन खुणांनी पटवायची आणि खोली किंवा बेडचा नंबर त्यात धरायचा नाही, कारण माणसं बेड बदलतात. नाव विचारणं हे त्या माणसासाठी चांगलं, चुकीचं इंजेक्शन टाळायला चांगलं, आणि माझ्या अनुभवात विचारणारीसाठीही चांगलं. लिव्हरला धीर देता येत नाही. नाव असलेल्या माणसाला काहीतरी देता येतं.

म्हणजे परत हातांशीच आलो. जड धडा वाचताना मी मुलामुलींना एकच प्रश्न पानाच्या समासात लिहायला सांगते: इथे नर्स काय करते?

मृत बाळाच्या जन्माचं पान घ्या. प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकात ते बहुतेक कारणांपासून सुरू होतं, मग निदान, मग कळा सुरू करायची औषधं. नुसतं वाचलं तर घशात आवंढा येतो आणि पान उलटावंसं वाटतं. आता समासातला प्रश्न धरून पुन्हा वाचा. बाळाला पुसून स्वच्छ करायचं, वजन करायचं, कपड्यात गुंडाळायचं, जिवंत बाळाला धरतात तसंच मानेखाली हात देऊन धरायचं. आईवडिलांनी नाव ठरवलंय का विचारायचं आणि ठरवलं असेल तर त्याच नावाने बोलायचं. बघायचंय का, कुशीत घ्यायचंय का हे विचारायचं, आग्रह न करता, आणि ‘आत्ता नको’ म्हणाले तर थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं. त्यांना हवे असतील तर हातापायांचे ठसे घ्यायचे. ‘अजून वय आहे, दुसरं होईल’ हे वाक्य गिळून टाकायचं.

आणि एक गोष्ट, जी पुस्तकात एखाद्या ओळीत असते आणि जिच्यासाठी मी अख्खा अर्धा तास देते. आईला पान्हा फुटणार आहे. वार बाहेर पडली की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि दोनतीन दिवसांत छातीत दूध भरतं. बाळ आहे की नाही हे शरीराला ठाऊक नसतं. बाई तोवर घरी गेलेली असते. तिला आधी कुणी सांगितलं नसेल तर अंगावरचा कपडा भिजलेला बघून तिचं काय होत असेल? म्हणून तिला घरी पाठवण्याआधी सांगायचं. जवळ बसून, साध्या शब्दांत. छातीला आधार देणारा पण न आवळणारा कपडा घालायचा, थंड पट्ट्या ठेवायच्या, दुखलं तर कोणती गोळी चालेल, ताप आला किंवा छाती लाल होऊन दुखू लागली तर लगेच यायचं, हे सांगायचं. काही बायकांना ते दूध मिल्क बँकेला द्यावंसं वाटतं, काहींना ते नावही नको असतं. दोन्ही ऐकून घ्यायचं.

हा अर्धा तास झाल्यावर वर्ग बदललेला असतो. रडू आलेलं असतंच, एखादी उघड रडतेही. पण प्रश्न यायला लागतात. पट्ट्या किती वेळ ठेवायच्या, नवऱ्याला वेगळं सांगायचं का, वॉर्डात शेजारच्या बेडवर रडणारं बाळ असेल तर हिला दुसऱ्या खोलीत हलवायचं का. हा शेवटचा प्रश्न कुठल्याशा बॅचमध्ये एका मुलाने विचारला होता, जो तोवर कधी तोंड उघडत नसे.

एक गोष्ट मला उशिरा कळली आणि ती मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1997 च्या प्रयोगामुळे पक्की झाली. ‘स्वतःला तिच्या जागी ठेवून बघ’ हे आपण सहानुभूती शिकवताना सर्रास म्हणतो. त्यांनी विद्यार्थ्यांना आईवडील गमावलेल्या एका तरुणीची मुलाखत ऐकवली. काहींना सांगितलं की तिला काय वाटत असेल याची कल्पना करा; काहींना सांगितलं की तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटलं असतं याची कल्पना करा. कणव दोन्ही गटांत जागी झाली. पण दुसऱ्या गटात स्वतःचीच घालमेलही वाढली. फरक बारीक आहे आणि वॉर्डात तो फार मोठा होतो. मृत बाळ जन्मलेल्या बाईसमोर उभं राहून मी माझ्या पोटातल्या किंवा माझ्या घरातल्या बाळाचा विचार करू लागले की मी तिच्यापासून दूर जाते. माझे डोळे भरतात, पण ते माझ्यासाठी. तिच्याकडे बघत राहिले तर दिसतं की तिला थंडी वाजतेय आणि पांघरूण हवंय.

अर्थात स्वतःचं दुःख असं बाजूला काढून ठेवता येतंच असं नाही. ज्या मुलीचे वडील मागच्या वर्षी ज्या आजाराने गेले, त्याच आजाराचा धडा तिच्या वाट्याला येतोच. अभ्यासक्रमाला तिचं कॅलेंडर माहीत नसतं. आधीच्या तासाला मी पुढच्या तासाचा विषय सांगून ठेवते. यावर सहकाऱ्यांशी माझे वाद झालेत. त्यांचं म्हणणं, असे इशारे देऊन त्रास कमी होत नाही, उलट आधीची धाकधूक वाढते. यातलं बरंचसं खरं आहे, अभ्यासही तसंच सांगतात. पण मी त्रास कमी व्हावा म्हणून सांगतच नाही. कुठे बसायचं, कुणाशेजारी बसायचं, आदल्या रात्री धडा एकदा चाळून यायचा की नाही, त्या दिवशी संध्याकाळी कुणाला तरी फोन करून ठेवायचा का, हे ठरवायला वेळ मिळावा म्हणून सांगते. आणि अगदीच अशक्य असेल तर मला येऊन सांगावं, तो धडा आपण दोघी नंतर बसून करू. टाळून मात्र चालत नाही. रुग्ण येताना विषय विचारून येत नाहीत.

एलिझाबेथ क्युबलर-रॉस या मनोविकारतज्ज्ञांनी सांगितलेल्या, मृत्यूला सामोरं जाण्याच्या पाच अवस्थांबद्दल थोडा राग काढून घेते. नकार, संताप, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. पाच गुणांचा प्रश्न. 1969 च्या त्यांच्या पुस्तकातल्या या अवस्था मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून सुचलेल्या होत्या. आपण त्या मागे राहिलेल्यांना लावतो, घटस्फोटाला लावतो, आणि आता विद्यार्थी स्वतःलाही लावतात, ‘मॅडम, मी अजून दुसऱ्याच स्टेजला आहे’. जणू पायऱ्या चढून वर गेलं की सुटका. त्या पुस्तकातली जी गोष्ट खरं तर शिकणाऱ्यांच्या कामाची, ती परीक्षेत कधी येत नाही. शिकागोत त्यांनी जी चर्चासत्रं चालवली त्यांत रुग्णाशी बोलणं झालं, रुग्ण आपल्या खोलीत परत गेला, की ऐकणारे विद्यार्थी बसून स्वतःला काय वाटलं ते बोलायचे. राग आला, कंटाळा आला, पळून जावंसं वाटलं, सगळं. रुग्णाचं दुःख हा अभ्यासाचा विषय होता, आणि ऐकणाऱ्याची तारांबळही तितकीच.

मृत्यू जवळ आलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर माहिती असणं हाच मोठा आधार असतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. शेवटच्या तासांत श्वास भराभर चालतो, मंदावतो, थांबतो आणि सगळे हादरलेले असताना पुन्हा सुरू होतो. जॉन चेन यांनी 1818 मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी 1854 मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून दोघांच्या नावाने ओळखतात. घशात घरघर वाजते. ती ऐकणाऱ्याला जेवढी भयंकर वाटते तेवढी त्या बेशुद्ध माणसाला बहुधा जाणवत नसते. हे ज्या विद्यार्थिनीला ठाऊक आहे, ती रुग्णाच्या मुलीला सांगू शकते, ‘श्वासात असा खंड पडतो, ते अपेक्षित आहे, मी इथेच आहे.’ जिला ठाऊक नाही ती नातेवाइकांइतकीच घाबरते आणि त्यांच्यासमोर घाबरू नये म्हणून खोलीतून निघून जाते.

नंतरचं अंग पुसणं मी कधी एकटीवर सोपवत नाही. माझ्या सीनियर सिस्टरने मला ते शिकवलं तेव्हा ती त्या आजोबांशी बोलत होती. ‘आजोबा, आता कूस बदलतोय हं.’ मला आधी ते विचित्र वाटलं. मग मीही बोलू लागले, आणि हात हळू झाले. आवाज थांबला की हात आपोआप घाई करतात, हे तेव्हा लक्षात आलं. व्हर्जिनिया हेंडरसन या अमेरिकन परिचारिकेने 1966 मध्ये नर्सिंगची जी व्याख्या मांडली, तिच्यात आरोग्य आणि बरं होणं यांच्या जोडीने शांत मरणाला मदत करणंही आहे. मुलं ती व्याख्या घडाघडा म्हणतात आणि नेमका तेवढा तुकडा खाऊन टाकतात. मी तोंडी परीक्षेत तेवढ्यावरच थांबवते.

इमर्जन्सीतल्या मृत्यूला अशी सवड नसते. छाती दाबणं थांबतं, मृत्यूची वेळ पुकारली जाते, हातमोजे काढून सगळे पांगतात. जोनाथन बार्टेल्स या अमेरिकन नर्सने अशा वेळी सगळ्यांना तिथेच थांबवायची पद्धत सुरू केली. एखादं मिनिट. हा माणूस कुणाचा तरी कुणी होता एवढं म्हणायचं आणि गप्प उभं राहायचं. बऱ्याच ठिकाणी ती उचलली गेली. विद्यार्थ्यांना यातलं सर्वांत उपयोगी काय असेल तर हे, की सीनियर माणसंही थांबलेली त्यांना दिसतात.

बोलून मोकळं होण्याचा आग्रह मात्र मी करत नाही. वाईट काही घडलं की लगेच सगळ्यांना गोलात बसवायचं आणि एकेकाकडून वदवून घ्यायचं, ही पद्धत एकेकाळी जोरात होती. अशा एकाच बैठकीच्या डीब्रीफिंगवरचे प्रयोग कॉक्रन या, संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संस्थेच्या 2002 च्या आढाव्यात एकत्र पाहिले गेले, तेव्हा पुढचा मानसिक आघात त्यामुळे टळत नाही असं दिसलं. एखाद्या प्रयोगात तर त्रास वाढलेला होता. दार उघडं ठेवावं, आत ओढू नये. लिहिण्याचंही तसंच. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या संशोधकांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच उलट जास्त वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. ते लिखाण कुणी तपासणार नव्हतं. आपण रिफ्लेक्टिव्ह जर्नल, म्हणजे अनुभवावर विचार करून लिहायची वही, लिहायला लावतो, त्याला दहापैकी गुण देतो आणि मग प्रत्येक वहीत ‘या अनुभवातून मला खूप काही शिकायला मिळालं’ हे वाक्य सापडतं. मी वही बघते ती फक्त लिहिली आहे की नाही एवढ्यापुरती, दुरून. घरी सांगायचं असेल तर नाव, बेड, आजाराचा ओळखू येईल असा तपशील गाळून, स्वतःचं काय झालं तेवढं सांगावं. ‘आज एकजण गेले आणि माझे हात थरथरत होते’ यात कुणाचं गुपित फुटत नाही.

आठवडे उलटले तरी तेच दृश्य नको तेव्हा समोर येतं, झोप उडते, त्या वॉर्डाच्या मजल्यावर लिफ्ट थांबली तरी धडधडतं, किंवा याउलट कशाचंच काही वाटेनासं होतं, तर ते शिक्षिकेचं किंवा मैत्रिणीचं काम राहत नाही. समुपदेशकाकडे जायचं. मी बरोबर चालत जाते, दारापर्यंत.

वेळापत्रक हा माझा सध्याचा भांडणाचा विषय आहे. आत्महत्येच्या जोखमीचा धडा आठवड्याच्या शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला असायचा, आणि ते ऐकून मुलं थेट आपापल्या खोल्यांत जायची. तो आता सकाळी आणलाय आणि त्याला जोडून लगेच प्रॅक्टिकल ठेवलंय. धड्यात असतं की थेट विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, म्हणून थेट विचारा. हे सगळ्यांना पटतं. प्रॅक्टिकलमध्ये जोड्या करून समोरासमोर बसवते आणि ते वाक्य मोठ्याने म्हणायला लावते, ‘तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ पहिल्यांदा कुणालाच ते नीट म्हणता येत नाही. कुणी ‘तसं काही’ म्हणून गुळमुळीत करतं, कुणी ‘येत नाही ना?’ असं उत्तरच सुचवून टाकतं, कुणी खाली बघून पुटपुटतं. पाचसहा खेपांनंतर आवाज स्थिर होतो आणि नजर वर राहते. मग कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, आणि समोरचा हो म्हणाला तर?’ तर एकटं सोडायचं नाही, कसं आणि कधी ठरवलंय ते विचारायचं, जवळची धोक्याची वस्तू दूर करायची आणि सीनियरला बोलवायचं. हे चारही करून बघायला तो तास पुरत नाही. दुसऱ्या दिवशीचा सकाळचा तास त्यासाठी मागितलाय. अजून मंजूर व्हायचाय.